अनुक्रमांक कोण देतो ?

जून महिन्यांत शाळा उघडते, तेव्हां पाल्याचें नांव दाखल करतांना आईबाप फार दक्ष असतात. नांवाची वेलांटी, जन्मतारखेचा अंक, आडनांवाचें इंग्रजी स्पेलिंग, यांपैकीं कांहींहि चुकूं नये म्हणून ते कारकुनाच्या मेजाशीं उभे राहून अक्षर न् अक्षर तपासून घेतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच ओळीच्या आरंभीं कारकून एक आंकडा लिहितो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तो आंकडा म्हणजे जनरल रजिस्टरचा क्रमांक. मूल शाळा सोडतें त्या वेळीं दाखल्यावर हाच क्रमांक येतो; आणि पुढें तीस-चाळीस वर्षांनीं कोणी जन्मतारखेच्या पुराव्यासाठीं दाखल्याची दुसरी प्रत मागावयास आला, तर जुन्या वह्यांच्या ढिगांतून त्याची ओळ काढण्याचा खात्रीचा मार्ग हा क्रमांकच होय.

नांवावरून शोधतां येणार नाहीं काय, असें कोणी विचारील. नांव आईबाप देतात, आणि एका घरीं आवडलेलें नांव शेजारच्या चाळींतहि आवडूं शकतें. गिरगांव-परळसारख्या दाट वस्तींतील शाळेंत एकाच नांवाचे व एकाच आडनांवाचे दोन विद्यार्थी एका वर्गांत बसले तर त्यांत नवल नाहीं. कधीं वडिलांचें नांवहि तेंच निघतें. क्रमांक मात्र शाळा देते, आणि एकदां दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणास न देण्याची जबाबदारी तिची असते.

आतां कागदी वह्यांच्या जोडीस संगणक आला आहे. संगणकाच्या वहींत हा क्रमांक कोण देतो, व एकच क्रमांक दोघांस कसा जात नाहीं, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय अवघड दिसला तरी त्यास लागणारें गणित पहिलीच्या मुलासहि येतें: मागच्या संख्येंत एक मिळविणें. अवघड आहे तें एवढेंच कीं, हें मिळविण्याचें काम एका वेळीं एकानेंच करावें.

वही, ओळ आणि किल्ली

संगणकांतील माहिती ज्या संग्रहांत ठेवितात त्यास डेटाबेस म्हणतात. त्याची आजची रूढ मांडणी एडगर कॉड या गणितज्ञानें सुचविली. आय. बी. एम. या अमेरिकन कंपनींत असतां त्यानें १९७० सालीं या विषयावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या मांडणीचें मर्म आपल्या ओळखीच्या हजेरीपटावरून सांगतां येईल. माहिती टेबलांत, म्हणजे कोष्टकांत, ठेवावयाची. प्रत्येक व्यक्तीस किंवा वस्तूस एक ओळ, आणि तिच्या प्रत्येक गुणास एक रकाना. शिवाय एक रकाना असा राखावयाचा कीं, त्यांतील मजकूर कोणत्याहि दोन ओळींत सारखा नसावा. या रकान्यास प्रायमरी की, म्हणजे मुख्य किल्ली, असें नांव आहे.

किल्ली हा शब्द समर्पक आहे, कारण तिनें दुसऱ्या कोष्टकांचीं कुलुपें उघडतात. फीच्या कोष्टकांत, परीक्षेच्या गुणांत, ग्रंथालयाच्या नोंदींत विद्यार्थ्याचें संपूर्ण नांव पुनःपुन्हां लिहीत नाहींत. केवळ त्याचा क्रमांक लिहितात. म्हणून दोन मुलांस एकच क्रमांक गेला तर एकाची फी दुसऱ्याच्या नांवावर जमा होईल आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकांत जातील. चूक एका ओळींत होते, पण पसरते अनेक कोष्टकांत.

एक वही, एक लेखणी

जुना कारकून क्रमांक कसा देत असे ? शेवटची ओळ पाहावी, तिच्या क्रमांकांत एक मिळवावा, व खालीं लिहावा. शेवटचा क्रमांक ४,३१६ असेल तर नवा ४,३१७. या रीतीनें वर्षानुवर्षें काम बिनचूक होत आलें; परंतु त्याचें श्रेय बेरजेस नव्हतें. वही एकच होती, आणि एका वेळीं ती एकाच माणसाच्या हातीं असे. कारकुनानें शेवटची ओळ वाचली व नवी ओळ लिहिली, या दोन क्रियांच्या मध्यें दुसऱ्या कोणास लेखणी घालतांच येत नव्हती. वहीचा जडपणा हाच तिचा पहारेकरी होता.

संगणकाचें काम नव्यानें शिकणारे विद्यार्थी पुष्कळदां हीच रीति जशीच्या तशी उचलतात. कोष्टकास विचारावें, "तुझ्यांतील सर्वांत मोठा क्रमांक कोणता ?" उत्तर आलें कीं त्यांत एक मिळवावा व नवी ओळ घालावी. घरीं एकट्यानें करून पाहिलें तर हें शंभर वेळां बरोबर येतें. आणि म्हणूनच तें फसवें आहे.

दोन लेखण्या

समजा, प्रवेशाच्या दिवशीं गर्दी फार म्हणून शाळेनें दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्ही खिडक्यांवरील संगणक एकाच कोष्टकाशीं जोडले. एका खिडकीपाशीं लालबागहून आलेली मुलगी उभी आहे, दुसरीपाशीं दादरहून आलेला मुलगा. पहिला कारकून विचारतो, मोठा क्रमांक कोणता ? उत्तर येतें, ४,३१६. त्याची ओळ लिहून होण्यापूर्वीं, क्षणार्धांत, दुसरा कारकून तोच प्रश्न विचारतो. त्यासहि उत्तर मिळतें, ४,३१६. दोघेहि एक मिळवितात, दोघांचीहि बेरीज बरोबर येते, आणि दोन मुलांच्या वांट्यास एकच ४,३१७ येतो. गणित कोणाचेंहि चुकलें नाहीं, तरी वही चुकली. पाहणें आणि लिहिणें या दोहोंमध्यें जी फट राहिली तींतून हा घोटाळा आंत शिरला.

यावर पहिली तजवीज पहाऱ्याची. कोष्टक तयार करतांनाच त्यास बजावून ठेवितां येतें कीं, या रकान्यांत एकच आंकडा दोनदां घेऊं नये. मग दुसरा कारकून ४,३१७ लिहूं लागतांच यंत्र त्याची ओळ नाकारतें. चूक वहींत शिरत नाहीं, हा लाभ मोठा आहे, आणि दुसरी कोणतीहि युक्ति योजली तरी हा पहारा उठवूं नये. परंतु पहारेकरी चोरास अडवितो. क्रमांक देणें हें त्याचें काम नव्हे. खिडकीपाशींचा मुलगा तसाच उभा राहतो व कारकुनास पुन्हां पहिल्यापासून विचारावें लागतें.

दुसरी तजवीज कुलुपाची. पहिल्या कारकुनानें मोठा क्रमांक विचारल्यापासून त्याची ओळ पुरी होईपर्यंत सर्व कोष्टकास कुलूप घालावें, आणि दुसऱ्यानें तोंवर थांबावें. जुन्या वहीचा जडपणा यंत्रांत पुन्हां आणावयाचा, असाच याचा अर्थ. यांत धोका नाहीं, पण दुसरी खिडकी नांवापुरतीच उरते. पहिल्या खिडकीवरील पालक जन्माचा दाखला शोधीत बसले तर दुसरीवरील रांग उगीच ताटकळते.

तिसरी तजवीज आज सर्वत्र रूढ आहे, आणि ती फार साधी आहे. बँकेंत गेल्यावर प्रथम टोकन घ्यावें लागतें, हें वाचकांनीं पाहिलें असेलच. टोकन देणारा पेटींत किती पैसे आहेत किंवा आंत किती लोक बसले आहेत हें पाहत नाहीं. आपण शेवटचें टोकन कोणतें दिलें एवढेंच तो जाणतो. एक टोकन हातावर ठेवावें आणि पुढच्यास पुढचें द्यावें. डेटाबेसमध्यें असा एक स्वतंत्र गणक ठेवितात. ओरॅकल व पोस्टग्रेस या प्रणालींत त्यास सीक्वेन्स म्हणतात. मायएसक्यूएल या प्रणालींत तो रकान्यासच जोडलेला असून त्याचें नांव ऑटो इन्क्रिमेंट असें आहे. एस. क्यू. एल. या डेटाबेसच्या भाषेचें जें प्रमाण २००३ सालीं ठरलें, त्यांतहि या गणकास स्थान मिळालें. गणकापुढेंहि एका वेळीं एकच जण उभा राहतो, हें खरें. पण तो उभा राहतो केवळ टोकन हातीं पडेपर्यंत. अर्ज सावकाश भरावयास तो आपल्या खिडकीवर जातो, आणि तोंवर दुसऱ्यास पुढचें टोकन मिळून गेलेलें असतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नवी ओळ घातल्यावर तिचा क्रमांक लगेच दुसऱ्या कोष्टकांत, उदाहरणार्थ फीच्या कोष्टकांत, लिहावा लागतो. त्या वेळीं "आतां सर्वांत मोठा क्रमांक कोणता ?" असें विचारण्याचा मोह होतो. पण मधल्या क्षणीं दुसऱ्या खिडकीनें आपली ओळ घातली असेल तर हातीं परक्याचा क्रमांक येईल. "मला स्वतःला कोणता क्रमांक मिळाला ?" असा प्रश्न करावा. त्याचें उत्तर देण्याची सोय या सर्व प्रणालींत आहे.

पुढें खिडक्या दोनाच्या दोनशें झाल्या तर गणकापुढेंच रांग लागूं लागेल. त्यावरचा उपाय देणगी गोळा करणाऱ्या मंडळींस ठाऊक आहे. एका स्वयंसेवकास १ ते १०० चें पावतीपुस्तक द्यावें, दुसऱ्यास १०१ ते २०० चें. मग प्रत्येक पावतीस एकमेकांस विचारावयास नको. ओरॅकलचा गणक, निराळें कांहीं सांगितलें नसल्यास, असे वीस-वीस क्रमांक एकदम काढून हाताशीं ठेवितो. आपल्या आगगाडीच्या आरक्षणांतहि याच जातीची युक्ति दिसते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद अशीं आरक्षणाचीं पांच केंद्रें आहेत, आणि देशांतील कोणत्याहि खिडकीवरून कोणत्याहि केंद्राच्या गाडीचें तिकीट काढतां येतें. तिकिटावर पी. एन. आर. नांवाचा दहा अंकी क्रमांक असतो. त्याच्या आरंभींच्या अंकांवरून ती नोंद कोणत्या केंद्राची आहे हें कळतें. ज्याच्या त्याच्या क्रमांकांचा आरंभच निराळा असल्यामुळें मुंबईचा क्रमांक व दिल्लीचा क्रमांक यांची टक्कर होत नाहीं.

गाळलेले क्रमांक

टोकनाच्या पद्धतींत एक गोष्ट नव्या माणसास खटकते. समजा, ४,३१८ हा क्रमांक एका मुलास मिळाला, आणि ओळ पुरी होण्यापूर्वीं आवश्यक कागद नाहीं म्हणून अर्ज रद्द झाला. यंत्र अर्धवट ओळ पुसून टाकतें. पण दिलेलें टोकन परत घेत नाहीं. तें कसें घेईल ? इतक्यांत ४,३१९ दुसऱ्याच्या हातीं गेलेला आहे. क्रमांक परत घ्यावयाचा तर पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यास थांबवावें लागेल, म्हणजे पुन्हां कुलूप आलें. तसेंच वीज गेली तर गणकानें हाताशीं काढून ठेविलेले क्रमांकहि न वापरतां वायां जाऊं शकतात. परिणामीं कोष्टकांत ४,३१७ नंतर एकदम ४,३१९ दिसतो, आणि तपासनीस विचारतो, मधला कोठें गेला ?

याचें उत्तर क्रमांक कशासाठीं दिला आहे यावर अवलंबून असतें. ओळखण्यासाठीं दिला असेल तर मधली जागा रिकामी असण्यानें कोणाचेंहि नुकसान नाहीं. परंतु क्रमांकाचा दुसरा एक उपयोग आहे, तो हिशेबाचा. इंग्लंडांत थॉमस एडमंडसन यानें १८३० नंतरच्या दशकांत आगगाडीसाठीं पुठ्ठ्याचीं तिकिटें काढलीं व त्यांवर अनुक्रमांक छापले. दिवस संपतांना वरच्या तिकिटाचा क्रमांक पाहावा, सकाळचा क्रमांक त्यांतून वजा करावा, कीं तिकिटें किती विकलीं व गल्ल्यांत किती रक्कम पाहिजे हें कळे. बोरीबंदर ते ठाणें ही आपली पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली. पुढें हीं पुठ्ठ्याचीं तिकिटें आपल्याकडेहि आलीं, आणि मुंबईच्या कितीएक पिढ्यांनीं तीं हाताळलीं. अशा हिशेबांत एक क्रमांक गाळला गेला तर एका तिकिटाच्या पैशांविषयीं शंका उत्पन्न होते.

दुकानदार पालकांस हें सांगावयास नको. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, त्याच्या नियमांत विक्रीच्या बिलास ओळीनें येणारा, सोळा चिन्हांहून अधिक लांब नसलेला व त्या आर्थिक वर्षांत पुन्हां न येणारा क्रमांक असावा असें सांगितलें आहे. ज्या कामांत एकहि क्रमांक गळून चालत नाहीं, तेथें बँकेचें टोकन उपयोगी नाहीं. तेथें कुलुपाची सावकाश रीतिच पत्करावी, आणि बिल रद्द झालें तरी तें फाडून न टाकतां "रद्द" असा शेरा मारून जागच्या जागीं ठेवावें. शाळेच्या फीच्या पावतीस हाच नियम लागूं आहे. शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें हें ज्या मेंढपाळास कळलें, तो मोजणारा मेंढपाळ होता. न मोजणाऱ्यास नव्याण्णवांचाच कळप पुरा वाटला असता.

एकदां दिलेला क्रमांक

मोठ्या क्रमांकांत एक मिळविण्याच्या रीतींत आणखी एक दोष आहे, आणि तो एकाच खिडकीवरहि घडतो. कोष्टकांतील शेवटची ओळ कांहीं कारणानें काढून टाकली, तर मोठा क्रमांक एकानें मागें येतो, आणि पुढच्या नव्या मुलास गेलेल्या मुलाचाच क्रमांक मिळतो. पहिल्या मुलाच्या फीच्या पावत्या त्याच क्रमांकानें मागें राहिल्या असतील, तर त्या आतां दुसऱ्याच्या समजल्या जातील.

हा दोष केवळ नवशिक्यांचा नाहीं. मायएसक्यूएलमधील इन्नोडीबी नांवाचा भाग आपल्या गणकाचा आंकडा पूर्वीं केवळ यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणांत ठेवीत असे. यंत्र बंद करून पुन्हां चालूं केलें कीं तो कोष्टकांत पाही व सर्वांत मोठ्या क्रमांकांत एक मिळवून पुढें चाले. मधल्या काळांत शेवटच्या ओळी पुसल्या गेल्या असल्या तर त्यांचे क्रमांक पुन्हां दिले जात. २०१८ सालीं निघालेल्या आठव्या आवृत्तींत गणकाचा आंकडा कायमच्या साठ्यांत लिहूं लागले, तेव्हां ही उणीव दूर झाली. टोकन देणाऱ्यानें झोंपेंतून उठल्यावरहि आपला शेवटचा आंकडा विसरूं नये, एवढाच त्या सुधारणेचा अर्थ.

माणूस गेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्यास देऊं नये, याचें महत्त्व आपल्या गिरणगांवास कळलें आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत प्रत्येक कामगारास तिकीट नंबर असे. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. कित्येक वर्षांनीं गिरणीकामगारांसाठीं घरें बांधण्याची योजना झाली व २०१२ सालीं म्हाडानें घरांची एक मोठी सोडत काढली. आपण गिरणींत काम केलें आहे, हें तेव्हां कामगारांस किंवा त्यांच्या वारसांस सिद्ध करावें लागलें. आणि त्यासाठीं जे पुरावे ग्राह्य होते त्यांत गिरणीचें ओळखपत्र, विम्याचा क्रमांक व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांबरोबर तिकीट नंबरचीहि गणना होती. गिरणी राहिली नाहीं, भोंगा राहिला नाहीं. पण खात्यांतल्या कारकुनानें एका सकाळीं लिहिलेला आंकडा घराच्या हक्काचा साक्षीदार झाला. एकच आंकडा दोघांचा असता तर ती साक्ष कोणाच्या बाजूनें मानली असती ?

अनुक्रम आणि वेगळेपणा

येथवर आम्हीं क्रमांक ओळीनें यावा आणि तो दुसऱ्या कोणाचा नसावा, या दोन गोष्टी एकत्र घेतल्या. वास्तविक त्या भिन्न आहेत. ताडदेवच्या परिवहन कचेरींत मोटारींस एम. एच. ०१ या आरंभाचे क्रमांक मिळतात. चार अंकांत ९९९९ पर्यंत गेल्यावर मधलीं अक्षरें बदलून पुन्हां ०००१ पासून आरंभ होतो. कोणी जादा शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेतो, म्हणून ओळ कधीं मोडते. पण दोन गाड्यांस एकच पाटी मिळत नाहीं. वेगळेपणा राहिला, अनुक्रम सैल झाला.

आधार क्रमांकांत अनुक्रम मुळींच ठेविलेला नाहीं. देशांतील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देण्यांत आला. हा बारा अंकी क्रमांक कसल्याहि ओळीवांचून निवडलेला असतो, आणि शेवटचा अंक आधींच्या अकरा अंकांवरून गणितानें काढलेला असतो, म्हणजे लिहितांना एखादा अंक चुकला तर यंत्रास तें कळतें. ओळ मुद्दाम मोडण्याचें कारण उघड आहे. क्रमांक ओळीनें दिले असते तर स्वतःचा क्रमांक पाहून शेजाऱ्याचा ओळखतां आला असता. घराच्या वहींत अनुक्रम सोयीचा. चव्हाट्यावर दाखवावयाच्या क्रमांकांत तो घातक ठरूं शकतो.

जे विद्यार्थी आज संगणकावर आपल्या वर्गाच्या ग्रंथालयाची किंवा क्रीडामंडळाची यादी करीत असतील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. मोठ्या आंकड्यांत एक मिळवूं नये, गणकाकडून क्रमांक मागावा. रकान्यावर पहारा बसवावा. गाळलेला क्रमांक भरून काढण्याच्या खटपटीस लागूं नये. पैशाच्या पावतीस मात्र निराळा, कडक नियम ठेवावा. आणि पालकांस विनंति अशी कीं, पुढील जून महिन्यांत नांवाची वेलांटी तपासतांना डाव्या बाजूच्या आंकड्याकडेहि एकदां पाहावें, व तो घरच्या वहींत टिपून ठेवावा. नांवानें मुलास हांक मारावयाची असते, आणि ती आपण रोज मारतों. पण पुष्कळ वर्षांनंतर, त्यास ओळखणारें कोणी शाळेंत उरलें नसेल त्या दिवशीं, त्याची ओळ तोच आंकडा दाखवील.